दोघांच्या नावचं घर

पारूबाई मधाळे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. मूळची ती निपाणीची. आई तानीबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. केसांपासून लुगड्यापर्यंत सगळ्याला तोच उग्र वास. पोरीनं त्या वखारीची पायरी चढायची नाही, एवढा एकच हट्ट तिनं धरला आणि तो तडीस नेला. पारू शिकली, पांढऱ्या साडीत वावरू लागली, आणि पुढं पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या देवाप्पाशी तिचं लग्न झालं. तोही निपाणीकडचाच, मजुरांच्या घरातला. दोन्ही घराण्यांत महिन्याचा पगार घेणारी ही पहिलीच पिढी.

पंच्याहत्तर साली बेळगावातच अनगोळला सरकारी नोकरांची एक घरबांधणी सोसायटी निघाली. देवाप्पाच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसेना, म्हणून कागदांवर पारूबाईचंही नाव चढलं. जागा दोघांच्या नावची, कर्ज दोघांच्या नावचं, घर सोसायटीकडं गहाण आणि हप्ते पंधरा वर्षांचे. बांधकाम दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत नवराबायको जेवढं बोलले तेवढं आधी कधी बोलले नव्हते. वाळू, सिमेंटचा परवाना, कौलं, गवंड्याचे खाडे. रविवारी देवाप्पा बनियनवर भिंतींना पाणी मारायचा आणि पारूबाई खालून बादल्या द्यायची.

घर उभं राहिलं आणि बोलणं संपलं. भांडण असं नव्हतंच. तो जेवायचा, रेडिओ लावायचा, झोपून जायचा. मूल झालं नव्हतं, पण तेवढ्यानंच असं झालं असं पारूबाईला कधी वाटलं नाही. दोघांना एकमेकांची ओढच फारशी नव्हती. घराच्या नादात ते लक्षात आलं नव्हतं, एवढंच. मग देवाप्पाची घटप्रभेला बदली झाली. आधी तो दर शनिवारी यायचा, नंतर महिन्यातून एकदा. एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "पारू, माझं मन हितं लागत न्हाय. खोटं कशाला बोलू?"

पारूबाईनं दोन दिवस रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनंच त्याला निरोप धाडला, की मग रीतसर मोकळं होऊ. दोघांच्या संमतीनं घटस्फोट मिळतो, असं नुकतंच कायद्यात आलं होतं. वकिलानं दोघांचा मिळून एकच अर्ज केला. नातं सुटायला वर्षही लागलं नाही.

घर मात्र सुटेना.

"इकून टाक आन मोकळी हो," तानीबाई म्हणाली. पण कर्ज फिटेपर्यंत विकता येत नव्हतं. एकाचं नाव काढायचं तर दुसऱ्यानं सगळं कर्ज एकट्यानं अंगावर घ्यायला हवं, आणि तेवढा पगार दोघांपैकी कुणाचाच नव्हता. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोघांना बोलावून घेतलं. मार्तंडराव त्यांचं नाव. रिटायर झालेले हेडमास्तर, त्यामुळं समोरच्याला विद्यार्थी समजूनच बोलायचे. त्यांनी दोघांना एकाच बाकावर बसवलं.

"तितं मी र्‍हात न्हाय," देवाप्पा म्हणाला. "मग हप्ता मी का भरू?"

"हप्ता राहणाऱ्याकडून घेत नाहीत, सही करणाऱ्याकडून घेतात," मार्तंडराव म्हणाले. "हप्ते थकले की नोटीस लागेल. मग तुमचंही घर गेलं आणि यांचंही."

आता पारूबाई घरात ठाण मांडून बसणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिच्याही मनात तेच घेऊन ती आली होती. पण बाकावर बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की आपण आत राहिलो की हा दर महिन्याला हेच विचारणार. आणि विचारलं तर त्याचं चुकतं कुठं?

"मी बी र्‍हात न्हाय," ती म्हणाली. "मी दवाखान्याच्या क्वार्टरला जातो. घर भाड्यानं देऊ आन भाड्यातनं हप्ता भरू. कमी पडलं तर निम्मं निम्मं."

आपल्याकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो'च म्हणतात, आणि तिनं ते असं काही म्हटलं की देवाप्पा वळून बघू लागला.

"तू घर सोडतीस?"

"सोडत न्हाय. ठेवतो."

मार्तंडरावांनी लगेच कागद पुढं ओढला.

अशी पारूबाई स्वतःच्या घरात जेमतेम दोन वर्षं राहून बाहेर पडली. शेती खात्यातले हिरेमठ म्हणून एक साहेब धारवाडहून बदलून आले होते, ते भाडेकरू मिळाले. दर महिन्याच्या सात तारखेला पारूबाई भाडं आणायला जायची. हिरेमठबाई तिला पाहुणीसारखी खुर्ची द्यायच्या आणि कॉफी ठेवायच्या. पहिले काही महिने पारूबाईला ती कॉफी गिळवत नसे. आपल्या खिडकीला दुसऱ्याचे पडदे, आपल्या खुंटीवर दुसऱ्याची छत्री. पण माणसं लाघवी होती. हिरेमठबाईंच्या दुसऱ्या बाळंतपणात पारूबाईच होती. त्यानंतर ती भाड्याशिवायही जाऊ लागली, कॉफी मागून घेऊ लागली, आणि पुस्तकी कानडी ऐकून ऐकून तिची निपाणीची मोडकी कानडी सुधारली.

देवाप्पानं दरम्यान दुसरं लग्न केलं होतं. मालुबाई नावाची, संकेश्वरची, तोंडानं फटकळ बाई. पारूबाईनं ती बातमी ऐकली, त्या दिवशी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेली.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात घर गळायला लागलं. दुरुस्तीला दोघांची संमती लागे, म्हणून तिनं घटप्रभेला कार्ड टाकलं. देवाप्पा रविवारी स्वतःच आला आणि धोतर खोचून छपरावर चढला.

"अण्णा, पडशिला!" हिरेमठबाई खालून कानडी वळणाच्या मराठीत ओरडल्या.

"न्हाय पडत. ही कौलं मीच बसवल्यात."

"म्हणूनच गळाल्यात," पारूबाई शिडी धरून म्हणाली.

वरून देवाप्पा हसला. तिलाही हसू आलं. लग्नाच्या सगळ्या वर्षांत तो तिच्या बोलण्यावर कधी असा हसला नव्हता. शिडी धरल्या धरल्या तिला जाणवलं, की या माणसाचा आता आपल्याला राग येत नाही. तो उतरला, हातपाय धुतले, कॉफी प्याला आणि चारची एस.टी. धरून गेला.

शहाऐंशी साली हिरेमठांची बदली झाली आणि घर रिकामं झालं. पारूबाईचा पगार आता वाढला होता, प्रॉव्हिडंट फंडही साठला होता. उरलेलं कर्ज फेडून देवाप्पाचा निम्मा हिस्सा विकत घ्यायचं तिनं ठरवलं. पुन्हा मार्तंडरावांचं ऑफिस, पुन्हा तोच बाक. या खेपेला मालुबाईही आली होती.

देवाप्पानं आकडा सांगितला. तो ऐकून पारूबाई उठून उभी राहिली.

"एवढ्यात तर नवं घर हुईल."

"अनगोळला आता जागा मिळती व्हय? भाव लई चढलाय."

"आन उरलेलं कर्ज कोण फेडणार? ते धर की हिशोबात."

अर्धा तास असंच चाललं. मार्तंडराव चष्मा काढून डोळे चोळू लागले. तेव्हा मालुबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, भाड्यानं हप्ते भरले. सात वर्सांत तुमच्या खिशातनं काय गेलं? आन भाडं आणायला कोण जात हुतं? तुमी एक दीस कौलं सारखी केलासा."

देवाप्पानं कान खाजवला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी सांगा तेवढं."

मार्तंडरावांनी सांगितला तो आकडा दोघांच्या मधला होता. देवाप्पालाही तो परवडला आणि पारूबाईच्या फंडालाही.

महिनाभरानं सबरजिस्ट्रारच्या कचेरीत सह्या झाल्या, अंगठे उठले. बाहेर आल्यावर तिघं शेजारच्या हॉटेलात इडली खायला बसली. मालुबाई पारूबाईला म्हणाली, "आक्का, दिवस भरत आल्यात माझं. तुमच्या दवाखान्यात आलो तर बघशिला न्हवं?"

"ये की," पारूबाई म्हणाली. "न बघून काय करू?" आणि खरोखरच महिनाभरात मालुबाईची मुलगी तिच्याच हातावर जन्मली.

घरात परतताना पारूबाई एकटीच होती. आठ दिवस सुट्टी काढून तिनं भिंतींना चुना मारून घेतला, परसात शेवग्याचं रोप लावलं. दवाखान्यातल्या बायका विचारायच्या, "एवढ्या घरात एकटी करमतं काय गं?" पारूबाई म्हणायची, "चाळीस बाळंतिणींतनं घरी गेलं की करमतंय बघ!" रात्रपाळी करून आली की ती कडी लावून दुपारपर्यंत झोपायची, आणि उठल्यावर वाटेल तेव्हा चुलीवर आधण ठेवायची.

दिवाळीला तानीबाई आठ दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. वखार सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी ती भल्या पहाटे उठून बसे. संध्याकाळी लेक घरी आली, की पायरीवरूनच विचारी, "आज किती?"

"पाच," चपला काढत पारूबाई सांगे. "तीन पोरी, दोन पोरं. सगळी धडधाकट."

"बरं झालं," तानीबाई म्हणे, आणि चहा ठेवायला आत जाई.