रान वहिनींचा फोन का बंद पडायचा

चीनमधल्या छंगतू शहराच्या पूर्वेला, जुन्या कारखान्यांच्या वस्तीत लू फेचं माहजोंगघर आहे, सोंगट्यांचे डाव मांडायचा अड्डा. तान युचन रेडिओच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तिथं जाते. सदुसष्ट वर्षांची बुटकी बाई. हातात कसल्या सोंगट्या आल्यात, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेल तर शपथ.

वसंतात लू फेनं नवं टेबल आणलं. सोंगट्या आपोआप पिसणारं, आणि चारही कोपऱ्यांत चार्जिंगच्या चकत्या. फोन नुसता वर ठेवायचा. पहिल्याच दुपारी भांडण लागलं.

"लाओ मी, फोन उचल तुझा," रान वहिनी म्हणाल्या. "तू ठेवलास की माझा बंद पडतो."

लाओ मी हा निवृत्त बस ड्रायव्हर. "माझा फोन तुमच्या फोनचा गळा धरतो की काय, वहिनी?"

"धरतोच. जसा धनी तसा फोन."

"आधी फोनच्या पाठीवरची ती लोखंडी कडी काढा. कडी कसली, बैलाची वेसण आहे."

चौथ्या जागी स्वतः लू फे बसली होती. तिनं टेबलाच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, गिऱ्हाइकांचे फोन जुनाट असतील. वहिनींचा फोन मुलीनं दोनच महिन्यांपूर्वी घेऊन दिलेला. त्या अशा फणफणल्या, की लू फेनं घाईघाईनं सगळ्यांना चहा ओतला.

तान युचननं सोंगट्या पालथ्या घातल्या. "डाव थांबवा."

"माझा आता लागतच आला होता," लाओ मी कळवळला.

"तुझा सहा वर्षं लागतोच आहे. वहिनी, कडी काढा, आणि दोघं फोनांची अदलाबदल करा."

कडी निघाली, फोन बदलले, तरी बंद पडला तो वहिनींच्या कोपऱ्यातलाच. म्हणजे फोन निर्दोष, कडीही निर्दोष. मग तिनं बाकीचे तीन फोन उचलले. वहिनींच्या कोपऱ्यातली चकती एकटी असताना शहाण्यासारखी चालली. दुसरा फोन ठेवला, तरी चालली. तिसरा ठेवला, की लुकलुकायला लागली.

"मावशी, चकती बदलून मागू?" लू फेनं विचारलं.

"थांब. तुझ्या गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याचा अडॅप्टर किती व्होल्टचा? बाराच ना? दे इकडे."

"कॅमेरा बंद," लाओ मी म्हणाला. "आपापल्या सोंगट्या सांभाळा."

तान युचन टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली. बाहेर फक्त कापडी बुटांतली तिची पावलं राहिली. वहिनींच्या चकतीला तिनं तो वेगळा अडॅप्टर जोडला. चारही फोन मुकाट्यानं चार्ज झाले. चकती पुन्हा जुन्या जागी जोडली, पुन्हा लुकलुक. मग पिशवीतला मीटर लावला. बाराच्या जागी नऊ, आणि आकडा थरथरत होता.

"सापडलं," आवाज खालून आला. "चार चकत्या, अडॅप्टर एक, तोही किरकोळ. त्यात बारीक वायर एका चकतीवरून दुसरीवर नेलेली. वहिनी शेवटच्या टोकाला. आपल्या कॉलनीतला नळ आठवतो? खाली कुणी तोटी सोडली, की चौथ्या मजल्यावर डोळ्यांत साबण."

"मी राहायचो चौथ्या मजल्यावर," लाओ मी हळूच म्हणाला.

"पण मग नुसता सावकाश चार्ज व्हावा," लू फे म्हणाली. "बंद का पडतो?"

"फोन आणि चकती सारखी कुजबुजत असतात. जरा जास्त दे, आता पुरे, असं. वीज थरथरली की चकतीला ती कुजबुज ऐकू येत नाही. तिला वाटतं फोन उचलला. ती दुकान मिटते. तिनं मिटलं की बाकीच्यांना वीज पुरते, मग ही पुन्हा उघडते, आणि पुन्हा ओढाताण."

दोन दिवसांनी दुकानाचा मिस्त्री आला. तान युचननं सांगितलं तसं त्यानं केलं: मोठा अडॅप्टर, त्यापासून प्रत्येक चकतीला स्वतंत्र जाड वायर, आणि चकतीपाशी एकेक कपॅसिटर. "दारात भरलेला माठ," ती म्हणाली, "नळ क्षणभर बारीक झाला तरी तहान भागते." चारही फोन चालले. वहिनींनी खात्रीसाठी कडीसुद्धा परत लावली. ती मात्र तापायला लागली, तेव्हा मुकाट्यानं काढून पर्समध्ये टाकली.

मिस्त्रीनं सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर 'बिघाडाचं कारण' असा रकाना होता. "तो ऑफिसवाले भरतील," तो म्हणाला.

कारखान्यात तान युचननं एकोणतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली होती. चिठ्ठीवर तिनं 'पास' किंवा 'नापास' एवढंच लिहायचं. 'कारण' हा रकाना इंजिनिअर साहेबांचा. साहेब दोन दिवस डोकं खाजवायचे, मग तिच्या टेबलाशी येऊन हवापाण्याच्या गप्पा काढायचे, आणि जाताना कारण घेऊन जायचे.

तिनं चष्मा लावला. "पेन आण," म्हणाली. रकाना पुरला नाही, म्हणून कागद उलटून मागे लिहिलं. मिस्त्री अवघडून उभा राहिला. लू फेनं त्याला भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया दिल्या.

त्या दुपारी ती लागोपाठ तीन डाव हरली.

"तान ताई, लक्ष कुठंय आज?" लाओ मीनं विचारलं.

"त्या कागदावर 'ओढाताण' शब्द दोनदा लिहिला बहुतेक," ती म्हणाली, आणि नको ती सोंगटी फेकून बसली.