फिल्टरखालचा स्क्रू

ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नाही, आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही यांना ओळखत नाही म्हणून असेल. समोर बसून कुणी माझा चेहरा बघत नाही, म्हणूनही असेल.

हे म्हणजे माझे यजमान. रेल्वेतून रिटायर झाले आणि बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरासमोर उभी असलेली जुनी डिझेल गाडी हेच त्यांचं ऑफिस झालं. तिच्यावर इतका जीव, की मी थट्टेने तिला सवत म्हणायची. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी मला चालवायला शिकवलं. मी शेजाऱ्यांचं फाटक वाकवलं तेव्हाही ते रागावले नाहीत — हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझी बाजू घ्यायचा मोह तुम्हाला होणार नाही.

नुसतं स्टिअरिंग नाही, गाडीच्या पोटातलंही शिकवलं. डिझेलमध्ये थोडं पाणी असतं, ते फिल्टरच्या तळाशी साचतं, वेळेवर काढलं नाही तर इंजिनात जातं. पिवळा दिवा लागला की समजायचं. सकाळी सुरू व्हायला वेळ लागला, चढावर ओढ कमी झाली, मध्येच आचके द्यायला लागली, तर आधी बॉनेट उघडून फिल्टर बघायचा. टाकी तळाला जाऊ द्यायची नाही, तळात गाळ असतो. पाणी काढायला फिल्टरखालचा छोटा स्क्रू सैल करायचा, बाटली धरायची, स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा आणि वरचा पंप दाबून हवा काढून टाकायची. तान्ह्या बाळाला आंघोळ कशी घालावी हे सांगावं, तसं ते सांगायचे.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपापुरता, मग सही करताना. पुण्याचा आमचा मुलगा, त्याला मराठी सगळं कळतं पण बोलतो हिंदीत, दर फोनवर तेच म्हणायचा, की पप्पांना गाडी चालवू देऊ नकोस. भीती मलाही वाटायची. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? माझ्याने ते सांगवत नव्हतं.

त्या दिवशी — दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गला जायचं होतं, नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी मी एकटीच गाडी घेऊन पंडरीच्या बाजारात बाळाचे कपडे घ्यायला गेले, आणि येताना तो पिवळा दिवा लागला. मध्यंतरी एका अनोळखी पंपावर डिझेल भरलं होतं, त्याचंच पाणी असणार. घरी आले तर हे झोपलेले. म्हटलं, आज आपणच काढू, आणि उद्या दुर्गला सगळ्यांसमोर सांगून शाबासकी घेऊ. काढलंही. बाटलीच्या तळाशी पाणी वेगळं दिसलं तेव्हा मला कोण आनंद झाला! स्क्रू दोन बोटांनी फिरवून बसवला, पकडीने आवळायचा तेवढा राहिला — आणि मुलाचा फोन आला. विषय तोच, पप्पांची गाडी. बोलणं लांबलं. परत आले आणि बॉनेट खाली पाडलं.

सकाळी हे चालवायला बसले. सेल्फ मारून मारून एकदाची सुरू झाली. आज काहून एवढा वेळ घेऊन राहिली, असं ते स्वतःशीच म्हणाले. मला तेव्हाच शंका आली. खरं सांगते, आली. पण मी खिडकीबाहेर बघत राहिले. उड्डाणपुलावर तिची ओढ कमी झाली आणि वाटेतल्या कुम्हारी गावाच्या अलीकडे, मागेपुढे ट्रक असताना, ती बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न. यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

जवळच्या गॅरेजमधला मिस्त्री आला, वाकला, फिल्टरखाली बोट फिरवलं.

"भैया, नीचे का स्क्रू ढीला रह गया है. हवा ले रही है."

हे आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. काही दिवसांपूर्वी तो स्क्रू त्यांनीही उघडला होता ना.

"माह्याच हातून राह्यलं असन," ते म्हणाले. "हात भरवशाचा नाही राह्यला आता."

किती वेळ लागला असता सांगायला? अहो, काल मी उघडला होता — एवढंच तर होतं. मी मूग गिळून बसले. गाडी सुरू झाली तेव्हा ते पलीकडून येऊन माझ्या सीटवर बसले आणि चाबी माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी गाडी चालवलेली नाही.

बरंच झालं, असं मी मनाला समजावलं. जे मला सांगता येत नव्हतं ते आपोआप झालं, मुलगाही निश्चिंत झाला. पण हे अर्धंच आहे. उरलेलं असं, की मला गाडी चालवायला आवडायचं. शंकर नगरच्या रुंद रस्त्यावर एकटीने जाताना मला मी आवडायची. आणि दर वेळी चाबी यांच्याकडे मागावी लागायची. त्या उन्हात, यांचं तोंड एवढंसं झालेलं असताना, चाबी हातात आली आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. वाहत्या गंगेत मी हात धुवून घेतले.

स्वतःच्या हाताबद्दलची यांची शंका गाडीपुरती राहिली असती तर — पण ती घरात आली. गॅस बंद केला की हे मला हाक मारतात. नळ, खिडकी, दाराची कडी, सगळ्यासाठी. पाह्य वं जरा, बरोबर लागली का? मी जाते, बघते. कडी नीट लागलेली असते. दर वेळी नीट लागलेली असते. लागली हो, एवढंच मी म्हणते, आणि पुढचं वाक्य जिभेवरून परत जातं. फिल्टरचं पाणी आता मी काढते. हे शेजारी उभे राहून बघतात, स्क्रूला हात लावत नाहीत.

मागच्या महिन्यात त्याच नातवाच्या वाढदिवसाला आम्ही दुर्गला गेलो. घर भरलेलं होतं. कुणीतरी यांना चिडवलं, की काय हो, आता वैनी गाडी चालवतात आणि तुम्ही बाजूला बसता? हे हसले नाहीत.

"माह्या चुकीनं त्या दिवशी गाडी भर रस्त्यात बंद पडली," ते म्हणाले. "हिनं मले एका शब्दानं बोललं नाही. आजपर्यंत नाही. दुसरी असती तं जन्मभर ऐकवलं असतं."

नणंदेने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मी लाजले. मी त्यांना तसं वाटू दिलं.