करवतीच्या दुसऱ्या टोकाला

लाकडं कापणाऱ्या त्या माणसाला सगळे रेघवाला म्हणत. त्याची लांब करवत चालून गेली, की आखलेली काळी रेघ शेवटपर्यंत अर्धी इकडच्या फळीवर, अर्धी तिकडच्या फळीवर राही. या करवतीला दोन माणसं लागतात. एक ओंडक्यावर उभा, रेघ सांभाळणारा. दुसरा खाली खड्ड्यात. दोघांनी आपापल्याकडे फक्त ओढायचं. एकानं जरा ढकललं तरी पातं वाकतं.

खड्ड्यात पूर्वी त्याचा साडू असे. एकदा फळी वाकडी गेली, आणि गिऱ्हाइकासमोर रेघवाल्यानं बोट खाली दाखवलं. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता.

मग मोठ्या होडीच्या कण्याचा ओंडका आला. तसलं लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं. बिघडलं तर होडी गेली आणि रेघवाल्याचं नावही गेलं. नेहमीचा जोडीदार नेमका कंबर धरून बसलेला.

"साडूला बोलावतो," रेघवाला म्हणाला.

बायको म्हणाली, "अहो, हाडवैरी तो तुमचा. उट्टं काढायला त्याला एक धक्का पुरे."

"आपली पोरगी काय म्हणाली होती?"

थोरली मुलगी शाळेत शिकवायची. वैर हा शब्द वीरापासून आला, वीरानं वीराशी धरायचं ते वैर, असं तिनं एकदा जेवताना सांगितलं होतं. तेव्हा बापाच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"हलक्या माणसाशी नुसतं भांडण होतं," तो म्हणाला. "मी वैर धरलं ते काय उगीच?"

साडू आला. सवयीनं खड्ड्याकडे वळला, तर रेघवाला आधीच खाली उतरलेला.

"वर उभे राहा, साडूभाऊ. रेघ तुमच्या हाती."

साडू ओंडक्यावर चढला. मग करवत चालू झाली. भुसा रेघवाल्याच्या भुवयांत, मिशीत साचत गेला. खालून रेघ दिसत नव्हती. पण वरून ढकलल्याचा धक्का दिवसभरात एकदाही आला नाही. उन्हं कलली तेव्हा ओंडका दोन अंगांनी उघडला. काळी रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

"मधे तुमची ओढ ढिली पडली," साडू म्हणाला.

"तुमचा पाय सरकला होता. म्हणून थांबलो."

होडीवाल्यानं कापावरून हात फिरवला. "रेघवाले, नाव राखलंत."

रेघवाल्यानं खड्ड्यातूनच बोट वर, साडूकडे दाखवलं.

घरी बायकोनं पाणी पुढं केलं. "मिटलं का एकदाचं?"

"मिटवून कसं चालेल," मिशीतला भुसा झटकत तो म्हणाला. "असा दुसरा वैरी कुठून आणू?"