इंजिन बंद करा

सायकल चालवायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा पहिली कित्येक वर्षं हँडलला डबा अडकवून मी सायकलवरच शिफ्टला जायचो. त्याला तेव्हा कुणी फिटनेस म्हणत नव्हतं, गरिबी म्हणत होते. पुढे मोटरसायकल आली, पोट सुटलं, साखर वाढली आणि डॉक्टरांनी मला परत सायकलवर बसवलं. निगडीहून दर रविवारी सायकलवाल्यांचा एक ग्रुप निघतो, त्यात मी घुसलो. सगळे आयटीतले, माझ्या मुलाच्या वयाचे. काका म्हणून मान देतात आणि चढ आला की मागे टाकून निघून जातात.

गेल्या हिवाळ्यात या ग्रुपने जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटातून सायकल सहल ठरवली. तीही सपोर्टसकट. म्हणजे बरोबर एक गाडी राहणार, तिच्यात पाणी, केळी, पंक्चरचं सामान; थकलात तर सायकल टपावर आणि तुम्ही आत. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं. तरी मी नाव दिलं, त्याला कारण वेगळं होतं. आमचा म्होरक्या पोरगा माहिती सांगताना सहज बोलून गेला, "काका, तिथे इतकी शांतता असते ना, की भीती वाटते." मला ती भीती हवी होती.

माझं सगळं आयुष्य प्रेस शॉपमध्ये गेलं. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याचा गाडीचा दरवाजा नाहीतर बॉनेट करणारं, दुमजली घराएवढं यंत्र. त्याचा ठोका पडला की पायाखालची फरशी हादरते, आणि असे ठोके शिफ्टभर पडत राहतात. तिथून सुटून घरी यावं, तर घर चाकणच्या हमरस्त्याला लागून. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, हंगामात कांद्याच्या गाड्यांची बाजारापर्यंत रांग आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की हॉर्न दाबला की रस्ता रुंद होतो. आमच्या मांडणीतली भांडी थरथरायची थांबली, तर आज बंद आहे की काय असं आम्ही विचारतो.

यंदाच्या दिवाळीत मी रिटायर होणार आणि पुढचं सगळं ठरलेलं होतं. बीडकडे आमच्या गावी, वस्तीपासून जरा लांब, दोन खोल्या बांधून तयार होत्या. बायको तर कित्येक वर्षं मागे लागली होती, "इथं नको आता, गावाला चला." मलाही म्हातारपणी दुसरं काही नको होतं. आवाज नसलेलं घर हवं होतं, बस. वाळवंटात मी त्याची वानगी घ्यायला चाललो होतो.

पहिले काही दिवस शांतता सापडलीच नाही. एकतर कानात वारा भरलेला. त्यात आमची पोरं चालत्या सायकलवर स्पीकर लावून गाणी ऐकणारी. मी एकदा चिडून म्हणालोही, "अरे, एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं तर हिंजवडीच्या सिग्नलला उभं राहायचं ना." त्यांनी हसून आवाज वाढवला. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि खुरटी झुडपं, मैलोन्‌मैल घर नाही. सपोर्टची गाडी पुढे जाऊन थांबायची आणि आम्ही तिच्या दिशेने पाय मारत राहायचो. गाडीचा ड्रायव्हर आमच्याकडचाच, हिंजवडीजवळच्या माणचा, जुन्या शेतकरी घरातला. जमीन आयटी पार्कात गेल्यावर त्याने ही गाडी घेतली. माणूस शांत, पण पोरांनी केळ्याची सालं गाडीत टाकली की त्याचा पारा चढायचा.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी आम्ही एका खेजडीच्या झाडाखाली जेवायला थांबलो. जेवण झालं, वारा पडला. पोरं तोंडावर टोप्या घेऊन आडवी झाली. गाणी बंद. मी झाडाला टेकून बसलो आणि मनात म्हटलं, आता. आणि तेवढ्यात मला गाडीचं इंजिन ऐकू यायला लागलं.

"भाऊ, इंजिन बंद करा ना," मी ड्रायव्हरला म्हणालो. "कशाला फुकट डिझेल जाळताय?"

"बंदच हाय की काका."

"मग आत एसी नाहीतर फ्रीज चालू असेल."

"न्हाई वो. काय बी चालू न्हाई."

माझं डोकं फिरलं. एका दुपारची शांतता मागत होतो, तीही या माणसाला देववत नव्हती. "मला शिकवू नका," मी म्हणालो, "मशीन चालू आहे की बंद, हे मला झोपेतसुद्धा कळतं." त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. तरी मी उठलो आणि बॉनेटला कान लावला. तापलेल्या पत्र्याचा चटका बसला, पण आत काही हलत नव्हतं.

मग मी चालायला लागलो. रस्ता सोडून वाळूत, गाडीपासून लांब. एक टेकाड ओलांडलं, गाडी दिसेनाशी झाली. आवाज तेवढाच. आणखी पुढे गेलो. तेवढाच. शेवटी खाली बसलो आणि दोन्ही कानांत बोटं घातली, तर तो वाढला.

ओळखीचाच आवाज होता. दोन ठोक्यांच्या मधे प्रेसची मोटर घूं घूं करत राहते ना, तो. आणि त्याच्यावर एक बारीक शिट्टी. तो किती वर्षांपासून माझ्या डोक्यात चालू होता, देव जाणे. चाकणच्या गोंगाटात मला तो कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. रडू आलं नाही, राग आला, आणि राग काढायला तिथे वाळूशिवाय कुणी नव्हतं. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते, नाही असं नाही. पण साचा बिघडायला लागला की ठोक्याचा आवाज बदलतो आणि चांगला ऑपरेटर त्यावरूनच तो ओळखतो. कान बंद करून प्रेसवर उभा राहिलेला माणूस आमच्यात कामाचा समजला जात नाही. ज्या कानांची आख्ख्या शॉपमध्ये वाहवा झाली, तेच गेले होते.

मला शोधत ड्रायव्हर आला. त्याला मी सांगितलं. त्यालाच का, माहीत नाही. बहुधा त्याच्यावर उगाच ओरडलो होतो म्हणून. त्याने ऐकून घेतलं, "आवघड हाय," म्हणाला आणि मला हात देऊन उठवलं.

राहिलेली सहल मी जवळजवळ गाडीतच बसून केली, कारण इंजिनच्या घरघरीत माझा आवाज लपायचा. पोरांना वाटलं, काकांचे गुडघे गेले. गाडी कुठे थांबली की ड्रायव्हर हळूच विचारायचा, "चालूच ठिवू का?" आणि मी मान हलवायचो.

चाकणला घरी पोचलो, भांडी थरथरायला लागली आणि डोक्यातला आवाज ऐकू येईनासा झाला. इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. निगडीतल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शिरा कामातून गेल्यात, औषध नाही. "शांत जागी जास्त जाणवेल," ते म्हणाले, "पंखा लावून झोपत जा." म्हणजे ज्या दोन खोल्यांची मी आयुष्यभर वाट पाहिली, तिथेच मला राहता येणार नव्हतं.

पण हे बायकोला सांगायचं कसं? तिने आवराआवर सुरूसुद्धा केली होती. मी आडवळणाने सुचवून पाहिलं, की गावाकडे दवाखाना लांब आहे, पाण्याचं काही खरं नाही. ती फणकारली, "इतके दिवस हे सुचलं नाही का?" आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यानंतर एका दुपारी ती जुन्या डब्यांतले कुठले न्यायचे ते निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि खेजडीपासून डॉक्टरपर्यंत सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "तुझी एवढी हौस होती गावाची. मला माफ कर."

तिने हातातला डबा खाली ठेवला.

"मला कशाची आलीय गावाची हौस? माझ्या मैतरणी इथं, भिशी इथं, लेक अर्ध्या तासावर. तिथं मला कोण हाय?"

"मग इतकी वर्षं कामून मागं लागली होतीस?"

"तुम्ही झोपेत दोन्ही कानांवर हात ठिवता," ती म्हणाली. "लई वर्षं झाली. मला वाटायचं, रस्त्याचा तरास व्हतोय तुम्हाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि धुळीच्या भीतीने कधीच न उघडलेली रस्त्याकडची खिडकी तिने सताड उघडली.