ओवीच्या कानामागची वेणी

आधीच सांगते, असले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचले. कंपनीच्या बसमध्ये, चाकणला जाताना. रिकामा फ्लॅट, पांढरी साडी, कुत्र्याचं रडणं... वाचायचं, हसायचं आणि स्टॉप आला की उतरायचं. मी क्वालिटीत आहे. सप्लायरकडून आलेला माल तपासून पास करायचा किंवा परत पाठवायचा, हे माझं काम. समोरचा कितीही गोड बोलला तरी आधी त्याच्या मालाकडे बघायचं, ही सवय आता हाडात मुरली आहे. माझा नवरा महेश म्हणतो, लग्नात मी वरमालासुद्धा उलटीसुलटी करून बघितली होती. बघितली असेन.

त्यामुळे पुढचं वाचून ‘बाळंतपणानंतर बायकांना असं होतं’ असं कुणी लिहायच्या आधी एवढंच सांगते — हे मी एकटीने पाहिलेलं नाही.

आम्ही भोसरीत राहतो. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला चार मजली बिल्डिंग आहे, दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. खिडकीला ग्रिल, ग्रिलच्या पलीकडे एका वर्कशॉपचा पत्रा. दिवसभर प्रेसचा धाड-धाड आवाज. ओवी जन्मल्यापासून तो ऐकत झोपते, सुट्टीच्या दिवशी तो बंद असला की उलट जागी होते. मजल्यावर दोनच घरं. समोरच्या दारात रेश्माताई आणि त्यांचे मिस्टर. रेश्माताई चिपळूणकडच्या, चाळिशीच्या. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही.

माझी बाळंतपणाची आणि तिला जोडलेली साठलेली रजा संपत आली होती. सासूबाई परभणीहून ओवीला सांभाळायला आल्या होत्या, पण गावाकडे सासरे एकटे, म्हणून त्यांना परत जायचंच होतं. पुढे ओवीला दिवसभर रेश्माताईंनी सांभाळायचं, असं ठरलं होतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. मी कामावर जाऊ शकणार की नाही, हे सगळं त्या एका बाईवर होतं.

सासूबाईंना माझी नोकरी पसंत नव्हतीच. “लेकरू घरी टाकून लोखंड तपासाया जाती,” असं त्या फोनवर प्रत्येकाला सांगायच्या, मी बाजूला बसलेली असताना.

ओवी तेव्हा सात महिन्यांची होती. जावळ दाट, कानाच्या खाली आलेलं. सासूबाईंच्या घरात जावळ काढेपर्यंत बाळाचे केस बांधत नाहीत, साधा रबरसुद्धा लावत नाहीत. दुपारी ओवी झोळीत झोपायची. छताच्या हुकाला स्प्रिंग, स्प्रिंगला सासूबाईंची जुनी सुती साडी. रेश्माताई जेवणं झाली की यायच्या, झोळीला झोका देत बसायच्या, तेवढ्यात सासूबाईंचा डोळा लागायचा आणि मी भांडी, कपडे उरकायचे.

एका दुपारी झोळीतून उचलताना ओवीच्या डाव्या कानामागे माझ्या बोटाला काहीतरी लागलं. बघते तर वेणी. सुतळीपेक्षाही बारीक, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. मला हसूच आलं. वाटलं, रेश्माताईंनी हौस केली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “ताई, वेणी छान घातलीत हो.”

“कसली वेणी गो?”

“ओवीची.”

“मी कशाला घालीन? तुझ्या सासूनी बघितलं तर मला जिना दाखवतील.” त्या हसल्या आणि झोका द्यायला लागल्या. मीही विषय सोडला. पण क्वालिटीतला माणूस विषय सोडतो म्हणजे फक्त तोंडाने सोडतो...

दोन-तीन दिवसांनी परत वेणी. मग परत. दर वेळी दुपारी, दर वेळी त्याच जागी. आता मी ती उजेडात नेऊन नीट बघितली. कामावरचं एक भिंग घरी पडलं होतं, ते लावलं. वेणी तिपेडी नव्हती, चौपेडी होती. चार पेड, चारी सारख्या जाडीचे, एक केस इकडचा तिकडे नाही. आणि शेवटाला काहीच नाही. दोरा नाही, गाठ नाही. तरीही ती सुटत नव्हती. मी बोटात धरली की मात्र एका क्षणात मोकळी व्हायची.

मी स्वतः प्रयत्न केला. माझी बोटं बारीक कामाला सरावलेली आहेत. पण बाळाचे केस म्हणजे रेशीम, हातात येईनात. तीन पेडसुद्धा जमले नाहीत, आणि ओवी एक क्षण मान स्थिर ठेवेल तर शपथ.

मग मला सासूबाईंचा संशय आला. हो, सासूबाईंचा. म्हटलं, रेश्माताईंचं नाव खराब झालं की मला नोकरी सोडावी लागणार, हे त्यांना बरोबर कळतं. मी मुद्दाम त्यांच्यापुढे कंगवा घेऊन बसले. “आई, माझी चौपेडी घाला ना.”

“मला कुठली येती चौपेडी? आन् ह्या अंगठ्यानं?” त्यांनी उजवा अंगठा दाखवला. तो संधिवाताने वाकडा झालाय, त्यांना साधी पिन उघडत नाही. हे मला माहीत होतं. तरी मी विचारलंच.

त्यांनी मात्र लगेच ओळखलं. “माझ्यावर संशय घ्यायलीस व्हय? मी कामून करू असलं? समोरचीला बघ आधी. मूल न्हाई, जीव गुंतलाय तिचा लेकरात. असल्या बाईनं जावळाला हात लावू नये.”

मला असा संताप आला! मी त्यांना चार शब्द सुनावले, शिकल्यासवरल्या माणसांचं घर आहे वगैरे. महेश मध्ये पडला आणि म्हणाला, “भांडू नका, आपण रेकॉर्डिंगच करू.” त्याने जुना मोबाइल कपाटावर लावला.

रात्री आम्ही तिघांनी मिळून ते रेकॉर्डिंग बघितलं. झोळी दिसते. साडीतून मधूनच ओवीचा पाय बाहेर येतो. सासूबाई गादीवर झोपलेल्या. मी ये-जा करतेय. रेश्माताई स्टुलावर बसून बाहेरूनच झोका देतायत. कोणी झोळीत हात घालत नाही. फक्त एकदा रेश्माताई उठतात, साडी बाजूला करून आत वाकतात आणि परत बसतात. त्या वेळी त्यांची पाठ कॅमेऱ्याकडे आहे. आणि त्याच दुपारी वेणी होती.

“एवढ्याशा वेळात चार पेडांची वेणी होते का?” महेशने विचारलं.

“नाही होत,” मी म्हटलं. मला ते पक्कं माहीत होतं. पण मी तो तुकडा मागे नेऊन परत बघितला. परत परत बघितला. त्या पाठीच्या पलीकडे काय चाललंय ते काही केल्या दिसेना.

दुसऱ्या दिवशी रेश्माताईंनी बेल वाजवली. दार सासूबाईंनी उघडलं. मी ओट्यापाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

“आजपासनं तुमी येऊ नगा.”

“का हो आजी? काय झालं?”

“लेकराच्या केसात रोज काहीबाही निघायलंय. कुणाचा हात हाय ते तुमालाच ठावं.”

मग रेश्माताईंनी आतल्या दिशेने हाक मारली, “प्रिया?” मी नळ चालू ठेवला. दार लागलं.

त्यानंतर त्या भावाकडे चिपळूणला निघून गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलेलं मी स्वतः पाहिलं. आता वेण्या थांबणार, याची मला खात्री होती. खरं सांगते, मी वाटच बघत होते थांबायची. थांबल्या असत्या तर सगळं सरळ झालं असतं.

त्या रविवारी महेश आणि सासूबाई बाजारात गेले. मी आतून कडी लावली. ओवीला न्हाऊ घातलं, केस ओले असतानाच चापूनचोपून बसवले, दोन्ही कानांमागे बघितलं. काही नव्हतं. मग तिला मांडीवर घेऊन पाजायला बसले. माझा तळहात तिच्या डोक्याखाली, बोटं कानामागे. मी झोपले नव्हते. मोबाइल हातात नव्हता. वर्कशॉप बंद होतं, त्यामुळे तिच्या गिळण्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मध्येच बोटांखाली बारीक हालचाल जाणवली. टाळू उडते तशी, हळू, ठेक्यात. मला छान वाटलं. वाटलं, बाळाच्या जिवाचा ठोका आहे.

मग लक्षात आलं की टाळू वर असते. माझा हात तिथे नव्हताच.

मी हात काढला. वेणी होती. केस अजून ओले होते.

मी ओरडले नाही, ओवी दूध पीत होती. तशीच बसून राहिले. महेशने बेल वाजवली तेव्हा ओवीला तशीच कडेवर घेऊन मी कडी काढली. त्यानेही ती वेणी पाहिली, सासूबाईंनीही पाहिली. महेशने माझ्या हाताकडे बघितलं, मग ओवीकडे, आणि तो कडी, ग्रिल, बाथरूमची खिडकी तपासून आला.

सासूबाईंचं मात्र ठरलेलं होतं. “जाता जाता करून गेली ती,” त्या म्हणाल्या.

आणि मला, चार शब्द सुनावणाऱ्या मला, ते ऐकून बरं वाटलं! कारण रेश्माताईंनी नाही, तर मग कोणी? या प्रश्नापाशी मला एकटीने थांबायचं नव्हतं.

आम्ही जावळ उरकून घेतलं. माझ्या भावाने ओवीला मांडीवर घेतलं, न्हाव्याने वस्तरा फिरवला, ती इतकी रडली की तिला रडताना बघून भाऊही रडला. त्यानंतर आजतागायत वेणी दिसलेली नाही. केस परत चांगले वाढले, तरीही नाही.

सासूबाई गावाला गेल्या. मी रजा वाढवली, बिनपगारी. पाळणाघर करून बघितलं, ओवी तिथे सारखी आजारी पडायची. शेवटी एचआरने सांगितलं, एकतर या, नाहीतर कळवा. मी समोरची बेल वाजवली. रेश्माताई परत आल्याला तोवर बरेच दिवस झाले होते, जिन्यात आम्ही एकमेकींना टाळत होतो. मी माफी मागितली. रविवारचं सगळं सांगितलं, माझ्याच हाताखाली झालं हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओवी माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली, तेव्हा त्यांनी तिला घट्ट धरलं आणि तोंड फिरवलं. “आण उद्यापासून,” म्हणाल्या.

पहिला दिवस छान गेला. त्यांनी दुपारी फोटो पाठवला, ओवी वरणभात खाताना, नाकालासुद्धा वरण. संध्याकाळी मी बसमधून उतरून जवळजवळ पळतच घरी आले. रेश्माताईंनी दारातच ओवीला माझ्याकडे दिलं. मी तिचा पापा घेतला, आणि माझं बोट तिच्या डाव्या कानामागे गेलं.

मी ठरवून केलं नव्हतं. पण त्यांनी बघितलं.

“नाहीये गो,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “मी पण दिवसभर तेच बघत होते. ती झोपली की बघायचं, उठली की बघायचं. तिला धड मांडीवर घेववेना, म्हटलं आत्ता निघाली तर तू काय म्हणशील.” मग त्यांनी ओवीची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. “उद्यापासून नको आणूस. मला नाही जमायचं.”

ओवी आता मोशीच्या एका पाळणाघरात जाते. कारण अजून सापडलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, ते हसले. खरं सांगू, अजूनही कधीतरी मला रेकॉर्डिंगमधली ती पाठ आठवते आणि वाटतं, त्यांनीच केलं असेलही. तेव्हा कोणाला यामागचं काही ठाऊक असेल, अगदी साधंसुधं कारण असलं तरी, तर कृपा करून सांगा. मला ते समोरच्या दारात जाऊन सांगायचं आहे.