पोळ्याच्या दिवशीचं उपोषण
पुरणाचा वास आला की ऐंशीच्या सुमाराचा नाचणगावचा एक पोळा आठवतो. मित्राकडे जेवायला गेलो, तर सजवलेले बैल पुरणपोळी खाऊन तृप्त आणि मागे टांग्याचे दोन घोडे, नुसते हाडांचे सापळे, रिकामी गव्हाण चाटताहेत. मी भडकलो, “काऊन रे, याईनं का गुन्हा केला?” “ऑटो आले, टांगा बसला. याईले कायले पोसू?” “मंग मी बी जेवत नाई.” “राह्य उपाशी!” म्हणत तो तणतणत गेला. समोर तुपात भिजलेली पोळी. माझा हात ताटाकडे निघालासुद्धा. तेवढ्यात तो कडब्याचा भारा घेऊन आला, घोड्यांपुढे टाकला आणि ओरडला, “आता तं गीळ!” पुढे ते घोडे कधी उपाशी राहिले नाहीत. माझं उपोषण मोडण्याआधी त्याला पाझर फुटला, हे त्याचे उपकार मी आजही मानतो.