मापाची गाडी

शोभना हर्डीकर पहाटे पावणेपाचला उठत. पाच वीसला दार ओढून घेत आणि सहाला पाच कमी असताना वर्कशॉपमध्ये हातमोजे चढवत. जर्मनीतल्या वाल्डॉर्फपासून बसने वीस मिनिटांवर डीटमारचं जुन्या गाड्यांचं वर्कशॉप आहे. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. पहिली दोन वर्षं फरशी पुसली. मग पत्र्याचं काम शिकल्या, परीक्षा दिली, रीतसर कारागीर झाल्या. त्या वर्षी परीक्षेला बसलेल्यांत बाई अशी एकटी त्याच होत्या. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "हातोडी कोणाच्या हातात आहे ते पत्र्याला कळत नाही."

निवृत्तीला सात महिने राहिले असताना मयुरेश दोन गाड्या ट्रेलरवर घालून घेऊन आला. मयुरेश पुण्याचा, वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनियर. दोन्ही गाड्या अमेरिकन, सत्तर सालच्या, एकाच मॉडेलच्या. लाल गाडीत कारखान्याने बसवलेलं मोठं आठ सिलिंडरचं इंजिन होतं. तशा गाड्या फार थोड्या निघाल्या, म्हणून तिला मान. पण तळ गंजून गेलेला, दारांखालच्या पट्ट्या कुजलेल्या, मागच्या चाकांवरच्या पत्र्यातून बोट आरपार जाई. हिरवी साधी होती, सहा सिलिंडरची. ती मयुरेशने कापायलाच विकत घेतली होती. या धंद्यात अशा गाडीला डोनर म्हणतात.

"काकू, सोपं काम आहे," मयुरेश म्हणाला. "हिरवीचा तळ आणि मागचा भाग कापायचा, लालला जोडायचा. उरेल ते भंगारात. मेमध्ये क्लबचा मेळावा आहे, त्याआधी एच नंबरप्लेट हवी."

एच प्लेट म्हणजे तीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला मिळणारा सरकारी मान. त्यासाठी तपासणी कडक असते.

शोभनाताई हिरव्या गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. त्या खाली उतरल्या, गाडीखाली गेल्या, दहा मिनिटांनी बाहेर आल्या.

"ही मी कापणार नाही."

"का? बेकायदेशीर आहे का?"

"नाही. कायद्याचं काही म्हणणं नाही."

"मग?"

"ही धडधाकट आहे. मी आजवर चाळीसेक डोनर कापले असतील. कोणी झाडावर आपटलेली, कोणी जळलेली. मेलेल्या गाडीचे अवयव घ्यावेत, हे मी म्हणतेच. पण चालत्या गाडीला मारून आजारी गाडी उभी करायची, आणि तीही जास्त किमतीची आहे म्हणून? ते माझ्याने होणार नाही."

"अहो काकू, गाडी आहे ती. गाय नाही."

"गाय असती तर तू विचारलंही नसतंस."

डीटमार मध्ये पडला. गिऱ्हाईक गेलं तर मॅनहाइमच्या वर्कशॉपमध्ये जाईल आणि तिथे हिरवी दोन दिवसांत कापली जाईल, हे त्याने सरळ सांगितलं. तेही खरंच होतं. नुसतं नाही म्हणून हिरवी वाचणार नव्हती.

शोभनाताईंनी मयुरेशला विचारलं, "तुझी आई शिंप्याकडे ब्लाउज टाकते तेव्हा बरोबर काय देते?"

"मापाचा ब्लाउज."

"शिंपी तो कापून नवा शिवतो का?"

मयुरेश हसला. डीटमारला काही कळेना, तेव्हा त्यानेच जर्मनमध्ये समजावलं. डीटमार म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण पत्रा म्हणजे कापड नाही, शोभना."

"म्हणून तर दोन महिने मागते. हिरवीवरून मापं घेईन, लालचे पत्रे हाताने घडवीन. दार आणि पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत चार मिलिमीटर येईल. नाही आली, तर हिरवी मीच कापीन. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

मयुरेशने हात पुढे केला. ठरलं.

हिरवीच्या प्रत्येक वळणावर पुठ्ठा धरून त्यांनी नमुने कापले. हे काम रविवारचं, कारण रविवारी या देशात ठोकाठोक चालत नाही आणि पुठ्ठ्याला आवाज नसतो. सोमवार ते शनिवार पत्रा. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने खोलगट करायचा, लोखंडी चाकांमधून फिरवून गुळगुळीत करायचा, पुठ्ठ्याला लावून बघायचा, परत ठोकायचा. चाकावरच्या एका कमानीला नऊ दिवस लागले. नऊ दिवस म्हणजे नऊ दिवस. त्यात चहाच्या गप्पा नाहीत.

पाचव्या आठवड्यात त्या चुकल्या. डावी कमान बसवताना घाई झाली. वेल्डिंगचे टाके लांब लांब, थोडे थोडे घालायचे असतात. त्यांनी सलग घातले. पत्रा तापला आणि लाटेसारखा उठला. फट वर तीन, खाली सात.

डीटमार म्हणाला, "पुट्टी भरू. रंगाखाली दिसणार नाही."

"पुट्टी भरायची होती तर मला कशाला ठेवलंस? पोत्यातून ओतायचीस."

त्यांनी ग्राइंडर घेतला आणि स्वतःचं नऊ दिवसांचं काम कापून काढलं. घरी नवऱ्याने, प्रदीपने, खांद्याला तेल चोळताना विचारलं, "अगं, चौसष्टाव्या वर्षी हा हट्ट कशाला?"

"अहो, जोरात चोळा. बोलू नका."

तीच कमान दुसऱ्यांदा सात दिवसांत झाली. हात शिकला होता. या वेळी इंचभर टाका, मग हात ठेवून पत्रा गार होईपर्यंत थांबायचं, मग पलीकडच्या टोकाला इंचभर. आठव्या आठवड्याच्या शुक्रवारी दार लावलं. डीटमारने मापाची पट्टी फटीतून फिरवली. वर चार. मध्ये चार. खाली चार. त्याने उजवीकडे जाऊन मोजलं. तिकडेही चार. मग त्याने टोपी काढली आणि आतल्या सगळ्यांना हाक मारली.

लाल रंग चढला. एप्रिलच्या शेवटी तपासणी झाली. कामाचे आधीचे-नंतरचे फोटो कागदांना जोडले होते. तपासणीच्या इंजिनियरबाई पुट्टी शोधायचं लोहचुंबक आणि दिवा घेऊन अर्धा तास गाडीखाली होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "नवं काम फोटोंत आहे, गाडीवर सापडत नाही. मागच्या भागात जुना पत्रा कुठला?"

शोभनाताईंनी छतावर बोटाने टिचकी मारली. "हा. बाकी माझा."

बाईंनी शिक्का मारला आणि सहकाऱ्याला बोलावून म्हणाल्या, "हे बघून ठेव. असं परत बघायला मिळायचं नाही."

मयुरेश बराच वेळ हिरव्या गाडीपाशी उभा होता. तिच्यावर एक ओरखडाही नव्हता. "काकू, मी ही भंगारात घालणार होतो," तो म्हणाला. "आता तुम्हीच घ्या. माझ्याकडून भेट."

"फुकट नको. घेतलीस तेवढ्यालाच दे."

निवृत्तीच्या दिवशी डीटमारने शेवटचा पगार आणि त्या दोन महिन्यांच्या जादा तासांची मजुरी हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी शोभनाताईंनी त्यातून मयुरेशचे पैसे चुकते केले, नोंदणी कचेरीत गेल्या आणि हिरवी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या केल्या. ही त्यांच्या मजुरीची, त्यांची. पेट्रोल मात्र प्रदीप भरतो.